बॅटरीचे इंजिन घाट चढेल काय?

बेळगाव आणि गोवा यांचे नाते सीमेच्या राजकारणापेक्षा जुने आणि पोटाच्या अधिक जवळचे आहे. गोव्यातील घराघरांत शिजणारी भाजी पहाटे चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून येते. सिमेंट, खत, धान्य, पोलाद असा अवजड माल मात्र रेल्वेने चालतो आणि त्याची वाट लोंढा, कॅसलरॉक, कुळे अशी ठरलेली आहे. पोर्तुगीज राजवटीत ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’ने मुरगावहून हा मार्ग घाटापर्यंत आणला आणि १८८८ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून कोळशाची वाफ आणि डिझेल अशी दोन इंधने या घाटाने पाहिली. आता तिसऱ्याची, विजेची, पाळी आहे. ही वीज डोक्यावरच्या तारेतून घ्यायची की इंजिनाच्या पोटातील बॅटरीतून, असा प्रश्न जगभरच्या मालवाहतुकीत विचारला जात आहे. बेळगाव-निपाणी सीमाभाग आणि गोवा यांच्या दृष्टीने त्याचे उत्तर काय, हे गणिताच्या आधारे तपासणे आवश्यक आहे.

तार कुठवर आली?

१६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे-हुबळी वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली. ही गाडी फक्त तारेच्या विजेवर धावते. याचा सरळ अर्थ असा की सातारा, सांगली, मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड हा संपूर्ण मार्ग त्यावेळी तारेखाली आलेला होता. त्याआधी, २० जून २०२२ रोजी, कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गाचे विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण करण्यात आले होते. देशातील ब्रॉडगेज जाळ्यापैकी जवळजवळ ९९ टक्के मार्ग आज विजेखाली आहे. २०२५ च्या अखेरच्या सरकारी आकडेवारीत शंभर टक्क्यांचा टप्पा न गाठलेली मोजकीच राज्ये उरली होती. त्यांत गोवा आणि कर्नाटक या दोन्ही शेजाऱ्यांची नावे होती.

मुख्य मार्गावर तार आली म्हणजे डिझेल इंजिन संपले, असा समज होतो. तो खरा नाही. मालधक्क्यावर वाघिणी रिकाम्या करताना वरून क्रेन, जेसीबी किंवा लोडर चालतात. तेथे डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार टाकणे धोक्याचे असते. म्हणून तार मालधक्क्याच्या अलीकडे थांबते आणि शेवटचे एक-दोन किलोमीटर वाघिणी ढकलण्याचे काम डिझेल इंजिन करते. कारखान्यांच्या खासगी सायडिंगमध्ये आणि बंदराच्या आवारात हीच स्थिती असते. बॅटरीवरील मालवाहू इंजिनाची चर्चा सुरू होते ती या तुटलेल्या तारेच्या टोकाशी.

एकाच गाडीची दोन गणिते

चार हजार टनांची भरलेली मालगाडी डोळ्यांसमोर आणावी. सपाट मालधक्क्यावर ती दोन किलोमीटर हळूहळू ढकलायची असेल, तर घर्षणावर मात करण्यास आणि यंत्रणेतील गळतीस मिळून साधारण साठ-सत्तर युनिट वीज पुरते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलात असतो तोच किलोवॅट-तास.

आता हीच गाडी कुळ्याहून कॅसलरॉकला न्यायची आहे. सुमारे २६ किलोमीटरचा हा घाट ३७ मीटरला एक मीटर या तीव्र चढाचा आहे. बोरघाटाचा चढही तेवढाच. चढण साडेपाचशे मीटरची धरली, तर एक टन वजन वर उचलायला दीड युनिट लागते. म्हणजे चार हजार टनांना सहा हजार युनिट नुसत्या उचलण्यासाठीच खर्ची पडतात. त्यात वळणांचे घर्षण आणि मोटारींतील गळती मिळवली की आकडा आठ हजारांच्या घरात जातो. मालधक्क्यावरचे काम आणि घाटातील काम यांत शंभरपटींहून अधिक अंतर आहे. बॅटरी इंजिनाविषयीची बहुतेक चर्चा हे अंतर विसरून होते.

आठ हजार युनिट म्हणजे किती? पेनसिल्व्हेनियातील वॅबटेक कंपनीने ऑस्ट्रेलियाच्या रॉय हिल खाणीसाठी तयार केलेले आणि २०२३ मध्ये कारखान्याबाहेर पडलेले बॅटरी इंजिन सात हजार युनिट क्षमतेचे आहे. जगातील बड्या बॅटरी इंजिनांत त्याची गणना होते. म्हणजे एवढे मोठे एक इंजिन पूर्ण भरून लावले तरी आपला एक घाट एकदा चढण्यास ते अपुरे पडते. रॉय हिलमध्येही ते एकटे काम करत नाही. ते डिझेल इंजिनांच्या जोडीला लावण्यासाठी बनवलेले आहे. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात बीएनएसएफ रेल्वेने याच कंपनीच्या २,४०० युनिटच्या इंजिनाची चाचणी घेतली, तेव्हाही ते डिझेल इंजिनांसोबतच होते आणि इंधनाची बचत सरासरी ११ टक्के झाली. बचत मोलाची आहे, परंतु डिझेलची जागा त्याने घेतली असे म्हणता येत नाही.

वजनाचा प्रश्नही आहे. आजच्या लिथियम बॅटरीच्या एक टन वजनाच्या संचात साधारण सव्वाशे ते दीडशे युनिट मावतात. सात हजार युनिटसाठी पन्नास टनांच्या आसपास वजन लागते. त्याउलट एका डिझेल मालवाहू इंजिनाच्या टाकीत सहा हजार लिटर डिझेल असते आणि त्यातून चाकांपर्यंत सुमारे वीस हजार युनिट पोचतात. शिवाय ती टाकी तासाभराच्या आत भरते.

चार्जिंगची खरी अडचण

बॅटरी रिकामी झाली की ती भरावी लागते आणि भरण्याला वेळ किंवा ताकद यांपैकी एक काहीतरी मोजावेच लागते. सात हजार युनिट पाच तासांत भरायचे तर १,४०० किलोवॅटचा जोड हवा. एका तासात भरायचे तर सात हजार किलोवॅटहून अधिक. घरटी दोन किलोवॅटचा भार धरला, तर साडेतीन हजार घरांनी एकाच क्षणी सगळी उपकरणे सुरू करावीत, तसा हा भार आहे. एवढी वीज एका स्टेशनाच्या आवारात आणायची म्हणजे उच्चदाबाची वाहिनी, स्वतंत्र उपकेंद्र आणि रोहित्रे आली.

घाटाच्या पायथ्याशी, कुळ्यासारख्या ठिकाणी असे चार्जिंग केंद्र उभारण्याची कल्पना प्रथमदर्शनी आकर्षक वाटेल. घाटात तार टाकणे अवघड असते. जुने बोगदे उंचीला अपुरे पडतात, दरडी कोसळतात, पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ थांबते. तार टाळली तर अभयारण्याचाही त्रास वाचेल, असे कोणीही म्हणेल. पण चार्जिंग केंद्रालाही वीज कुठून तरी आणावी लागणारच. गोवा स्वतः नगण्य वीज निर्माण करतो. आपली बहुतेक वीज कोल्हापूरहून येणाऱ्या ४०० केव्ही आणि कर्नाटकातील आंबेवाडीहून फोंड्याला येणाऱ्या २२० केव्ही वाहिन्यांवरून पोचते. तम्नार प्रकल्पाच्या वाहिनीवरून मोलेच्या जंगलात किती मोठा वाद झाला, हे गोमंतकीय वाचकांना सांगायला नको. तार टाळण्यासाठी बॅटरी आणायची आणि बॅटरीसाठी पुन्हा जंगलातून तार न्यायची, असा हा उलटा व्यवहार होऊ शकतो.

वेगाने भरलेली बॅटरी तापते आणि तापलेली बॅटरी लवकर थकते. एप्रिल-मे महिन्यांतील किनारपट्टीची उष्णता आणि दमट हवा पाहता, तिला थंड ठेवणाऱ्या यंत्रणेलाच विजेचा एक वाटा द्यावा लागेल. अरुंद बोगद्यात बॅटरीला आग लागल्यास काय करायचे, याची तयारी आधी व्हायला हवी. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या तुलनेने सुरक्षित असल्या तरी त्यांची आग साध्या पाण्याच्या फवाऱ्याने झटपट विझत नाही.

उताराचा फायदा कोणाला?

बॅटरी इंजिनाच्या बाजूने सर्वांत प्रभावी युक्तिवाद केला जातो तो उताराचा. उतरताना मोटारी जनित्राचे काम करतात आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत जाते. ऑस्ट्रेलियातील फोर्टेस्क्यू कंपनीने २०२२ मध्ये ‘इन्फिनिटी ट्रेन’ची घोषणा केली ती याच तत्त्वावर. तेथे खाण डोंगरात आहे आणि बंदर समुद्रसपाटीला. भरलेली गाडी उतरते आणि रिकामी गाडी चढते. उतरताना मिळालेल्या विजेवर परतीचा प्रवास व्हावा, अशी ती योजना आहे.

आपल्या घाटाला हेच गणित लावून पाहण्यासारखे आहे. एके काळी बळ्ळारी-होस्पेट भागातील लोहखनिज भरून गाड्या मुरगावकडे उतरत असत. तेव्हा चार हजार टनांची भरलेली गाडी उतरताना सुमारे साडेतीन हजार युनिट परत मिळवू शकली असती आणि तेराशे टनांच्या रिकाम्या वाघिणी वर न्यायला अडीच हजारांहून थोडे अधिक लागले असते. म्हणजे हिशेब शिलकीत राहिला असता.

आज या मार्गावरचा मोठा माल उलट्या दिशेने जातो. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे घाट चढतो आणि रिकाम्या वाघिणी उतरतात. चढताना आठ हजार युनिट लागतात. उतरताना परत मिळतात ते फार तर हजार-बाराशे. ऑस्ट्रेलियातील चमत्कार येथे घडणार नाही. याचे कारण तंत्रज्ञानातील उणीव नसून मालाची दिशा आहे. परदेशातील यशकथा वाचताना तेथील डोंगर आणि बंदर कोणत्या बाजूला आहेत, हे आधी पाहिले पाहिजे.

तारेचे श्रेष्ठत्व येथे स्पष्ट होते. आधुनिक विद्युत इंजिनही उतरताना वीज निर्माण करते, पण ती साठवण्याऐवजी तारेत सोडते आणि त्याच वेळी चढणारी दुसरी गाडी ती वापरते. इंजिनाला पन्नास टनांची बॅटरी वाहून न्यावी लागत नाही, थांबून चार्जिंग करावे लागत नाही. घाटासाठी तारेला समर्थ पर्याय आज तरी दिसत नाही.

बेळगावच्या मालधक्क्यावर मात्र

हेच तंत्रज्ञान बेळगावच्या मालधक्क्यावर, किंवा घटप्रभा, रायबाग, कुडची, उगार या साखरपट्ट्यातील स्टेशनांच्या आवारात आणले, तर चित्र पूर्णपणे पालटते. येथे इंजिनाचे काम थोडे आणि थांबणे फार असते. वाघिणी लावायच्या, तास-दोन तास उभे राहायचे, पुन्हा हलवायच्या. डिझेल इंजिन उभे असतानाही बहुधा चालूच ठेवतात आणि तासाला सुमारे वीस लिटर डिझेल जळते. दहा तासांत दोनशे लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर एका इंजिनाचे रोजचे १८ हजार रुपये नुसते उभे राहण्यात जातात. दिवसाला पाचशे युनिट वीज लागली आणि युनिटला सात रुपये पडले, तर प्रत्यक्ष ढकलण्याचे सारे काम साडेतीन हजारांत होते.

पाचशे युनिटची बॅटरी चार टनांत मावते. ती भरायला तीनशे किलोवॅटचा जोड पुरेसा आहे आणि त्यासाठी नव्या उपकेंद्राचीही गरज नाही. मालधक्क्याच्या तोंडाशी २५ हजार व्होल्टची तार आधीच आलेली आहे. तीनशे किलोवॅट म्हणजे त्या तारेतून जेमतेम १२ अँपिअर. इंजिनाने तारेखाली उभे राहून पँटोग्राफ वर करायचा, बॅटरी भरून घ्यायची आणि पँटोग्राफ खाली करून तार नसलेल्या भागात काम करायचे. मोठ्या इंजिनाच्या बाबतीत ही सोय इतकी सोपी नसते, कारण उभ्या इंजिनाने एकाच बिंदूतून मोठा प्रवाह ओढला तर तार तापते आणि कमकुवत होते. शंटिंगच्या इंजिनाला तो धोका नाही.

ही कल्पना केवळ कागदावर नाही. पश्चिम मध्य रेल्वेच्या जबलपूर विभागाने २०२० मध्ये ‘नवदूत’ नावाचे शंटिंग इंजिन तयार केले. ते तार आणि बॅटरी या दोन्हींवर चालते. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात २०२३ पासून बॅटरीवरील प्रवासी गाड्या तार असलेल्या टप्प्यात बॅटरी भरून घेतात आणि तार नसलेल्या टप्प्यात तिच्यावर धावतात. या दोन्ही ठिकाणी बॅटरी तारेला पूरक म्हणून वापरली आहे, तिच्या जागी नव्हे. सीमाभागाने उचलण्यासारखा धडा हाच.

दरांच्या तीन चौकटी

तंत्रज्ञानाइतकीच गुंतागुंत विजेच्या दरांत आहे. मिरजेपर्यंत मध्य रेल्वे, मिरज ते लोंढा आणि पुढे वास्कोपर्यंत दक्षिण पश्चिम रेल्वे, मडगावात कोकण रेल्वे. विजेचे दर महाराष्ट्रात एक आयोग ठरवतो, कर्नाटकात दुसरा आणि गोव्यासाठी संयुक्त विद्युत नियामक आयोग. मोठ्या ग्राहकाला वापरलेल्या युनिटांखेरीज कमाल मागणीचाही आकार द्यावा लागतो. महिन्यात एकदाच तासभर मोठा भार ओढला, तरी त्या तासाचे ओझे महिन्याच्या बिलावर बसते. जलद चार्जिंग महाग पडते ते येथे.

२०२३ मध्ये केंद्राने वीज ग्राहक नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या सौर तासांत स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीत महाग दराचे तत्त्व स्वीकारले. मालधक्क्यावरील इंजिनाला दुपारी दोन-तीन तास उसंत असते. ती उसंत आणि स्वस्त विजेचे तास जुळवता आले, तर चार्जिंगचा खर्च निम्म्या अडचणींसह कमी होतो. घाटातील गाडीला अशी निवड नसते. बंदरावर जहाज लागले की तिला रात्री-अपरात्री निघावेच लागते.

निपाणीचे काय?

या सगळ्या चर्चेत निपाणी कोठे बसते? तंबाखूची ही जुनी पेठ आजही रेल्वेच्या नकाशावर नाही. बेळगाव-निपाणी-कोल्हापूर मार्गाची मागणी जुनी आहे. दिवंगत रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांच्या काळात, २०२० मध्ये, कित्तूरमार्गे बेळगाव-धारवाड मार्गाला गती मिळाली, पण निपाणीची प्रतीक्षा संपली नाही. बॅटरी इंजिनामुळे तार न टाकताच स्वस्तात रेल्वे आणता येईल, अशी आशा कोणी दाखवली तर ती सावधपणे ऐकावी. नवे मार्ग विद्युतीकरणासहच मंजूर करण्याचे रेल्वेचे धोरण आहे आणि नव्या मार्गाचा मोठा खर्च जमीन, पूल आणि भराव यांवर होतो. तार वगळून तो फारसा घटत नाही.

निपाणीला हा प्रश्न भेटेल तो राष्ट्रीय महामार्ग ४८ वर. तवंदी घाट चढणारे ट्रक उद्या बॅटरीवर आले, तर महामार्गाकाठी त्यांच्या चार्जिंगसाठी हेच उपकेंद्र, हाच मागणी आकार आणि हीच रात्रीच्या भाराची अडचण उभी राहील. रेल्वेपेक्षा तो दिवस निपाणीसाठी कदाचित जवळ असेल. शहराच्या नगररचनेत आणि वीजवाहिन्यांच्या आराखड्यात त्याची जागा आतापासून राखायला हवी.

गोव्यासाठी खरा प्रश्न

गोव्यातील वाचकाला या विषयात एक वेगळी दक्षता घ्यावी लागेल. दुपदरीकरण आणि कोळसा यांविरुद्धचे आंदोलन नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरच्या रेल्वेमार्गावर रात्रभर जागले. केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल २०२१ मध्ये कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाविरुद्ध अहवाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी त्या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. त्या वादाचे विषय होते जंगल, कोळशाची धूळ आणि राज्याच्या किनाऱ्यावरून होणाऱ्या वाहतुकीचे प्रमाण. इंजिन कोणत्या इंधनावर चालते, हा त्यातला गौण भाग होता.

उद्या ‘हरित इंजिन’ या नावाखाली हीच वाहतूक वाढवण्याचा प्रस्ताव पुढे आला, तर त्याची दोन भागांत तपासणी झाली पाहिजे. इंजिनाचा धूर थांबतो, हे पहिल्या भागाचे उत्तर आणि ते स्वागतार्ह आहे. उघड्या वाघिणीतून उडणारी धूळ, जंगलातील दुसरा मार्ग आणि रुळांकाठच्या घरांचे हादरे यांत बॅटरीने काडीचाही फरक पडत नाही, हे दुसऱ्या भागाचे. पहिल्या उत्तराच्या आड दुसरे लपू देता कामा नये.

रेल्वेकडे मागायचे ते असे. बेळगाव आणि साखरपट्ट्यातील मालधक्क्यांवर तारेखाली भरता येणारी छोटी बॅटरी इंजिने प्रथम आणावीत आणि वर्षभराच्या वापराचे आकडे जाहीर करावेत. हुबळीच्या डिझेल शेडमधील अनुभवी कारागिरांना उच्चदाबाच्या बॅटरीचे प्रशिक्षण आधी द्यावे, म्हणजे डिझेलसोबत त्यांचे कौशल्यही भंगारात जाणार नाही. मुरगाव बंदराच्या आवारातील शंटिंगसाठी हाच प्रयोग करावा. आणि घाटासाठी बॅटरीचा प्रस्ताव कधी आलाच, तर त्यासोबत चार्जिंगची वीज कोठून, कोणत्या वाहिनीने आणि कोणाच्या जंगलातून येणार, याचा नकाशा जोडलेला असावा.